आत्याला लागेल तेवढी माती

"आपल्या घरात माती चालणार नाही," हे वाक्य बाबांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसूच आलं. म्हटलं, हा माणूस थट्टा करतोय. कळव्याला खाडीच्या अंगाला आमची भातशेती, तिच्यापलीकडे मिठागर. आजोबांच्या टाचांच्या भेगांतली काळी माती ते गेले तेव्हासुद्धा तिथेच होती. बाबा स्वतः लहानपणी गुडघाभर चिखलात निवट्या मासे पकडत हिंडलेले. आणि तेच बाबा आता नव्या फ्लॅटच्या दारात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायांकडे बघायचे. "चप्पल बाहेर काढा हं. पाय पुसून या, मार्बल आहे." पाहुण्यांशी ते आता शुद्ध बोलायला लागले होते. रागावले की मात्र आमची आगरी बाहेर पडायची, आणि खरं सांगायचं तर तेवढ्यापुरतेच ते मला ओळखीचे वाटायचे.

शेत आधी गेलं, मग मिठागर, शेवटी राहतं घर. ते कसं गेलं, सह्या कुणी केल्या, यात मला आता रस नाही. आमच्या बाजूला घरोघरी तीच कथा आहे. बिल्डिंगला आजोबांचं नाव दिलं, तेवढ्यावर बाबा खूश. सगळ्यात वरच्या मजल्यावरचे दोन फ्लॅट जोडून आमचं घर झालं, आणि त्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढराशुभ्र मार्बल. जुन्या घरात सकाळी आईच्या भाकरी थापण्याच्या आवाजाने जाग यायची आणि मागच्या दारी चुलीवर भाजल्या जाणाऱ्या बोंबलाच्या वासाने भूक लागायची. नव्या घरात आई ओट्याशी उभी राहून तांदळाच्या भाकऱ्या थापायची, तीही खिडक्या लावून, कारण सुक्या मासळीचा वास जिन्यात गेला तर बाबांना लाज वाटायची. जन्मभर जे खाल्लं त्याची लाज! बरं, जेवायला बसले की पहिला हात सुकटीवरच. मी हे त्यांना तोंडावर म्हटलंही होतं. "कॉलेजात हेच शिकवतात काय गं?" असं त्यांनी विचारलं आणि आणखी सुकट वाढून घेतली.

आमच्याबरोबर आत्याही त्या फ्लॅटमध्ये आली. आत्या म्हणजे आमचं कासव. आजोबांनी कधीकाळी कुणा फिरस्त्याकडून घेतलेलं, काळ्या पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं, दोन्ही तळहातांवर मावेल एवढं. आजोबा तिला लेक म्हणायचे, म्हणून ती बाबांची बहीण आणि मी व माझा भाऊ नरेश, आम्हा दोघांची आत्या. ही नुसती गंमत नव्हती. दर भाऊबीजेला आई अंगणात पाट मांडायची, आत्याच्या पाठीवर कुंकवाचं बोट टेकवायची, आणि आत्याच्या वतीने मी बाबांना ओवाळायचे. ओवाळणी म्हणून बाबा कुंपणावरचं लाल जास्वंदीचं फूल तिच्यापुढे ठेवायचे. ती मान लांब करून, अगदी सावकाश, ते फूल खायची, आणि आळीतली पोरं टाळ्या पिटायची. असलं कासव घरात ठेवणं हा कायद्याने गुन्हा आहे, हे आज मला माहीत आहे. तेव्हा आमच्या आळीत ही गोष्ट कुणाच्या गावीही नव्हती.

अंगणात आत्याला काय लागतं, याचा विचार कुणाला करावाच लागला नाही. पागोळ्यांच्या आत, भिंतीलगत, पाऊस कधीच पोचत नाही अशी भुसभुशीत माती होती. तिथे ती पुढच्या पायांनी उकरून अर्धी आत शिरायची आणि निजायची. सकाळी उन्हात यायची, दुपारी जास्वंदीच्या सावलीला जायची. पाणी प्यायला मडक्यावरचं मातीचं झाकण जमिनीत रुतवून ठेवलेलं, त्यात ती उतरू शकेल आणि तिची तिची बाहेर येऊ शकेल एवढंच पाणी. पावसाळ्यात आई तिला लाकडं ठेवायच्या खोपीत न्यायची आणि खाली कोरडी माती, वर भाताचा पेंढा घालायची. "वल तिला सोसत नाय," एवढंच आईचं शास्त्र. पुढे मी बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतलं, लायब्ररीतली पुस्तकं उलटीपालटी केली, तेव्हा दिसलं की जमिनीवरच्या कासवाला कोरडी, उकरता येणारी माती, ऊन, सावली आणि लपायला जागा लागते. म्हणजे जे आमच्या अंगणात फुकट पडलं होतं, तेच.

मार्बलवर आत्या आली त्या दिवशीचा आवाज माझ्या कानांतून अजून जात नाही. नखांची खर्रखर्र. ती पाय रोवायला जायची आणि चारही पाय चार दिशांना सरकायचे. पोट फरशीवर टेकलेलं, मान वर, आणि पाय नुसते पोहल्यासारखे चाललेले. एखादी वीत पुढे सरकायची, दमायची, आणि मान आत ओढून घ्यायची. नरेश तिला बघून हसला. "आत्या स्केटिंग करतेय बघ!" आई मात्र तिच्या शेजारी खाली बसली आणि तिने तिच्या पायांखाली आपला पदर घातला. "जल्ला तो मार्बल," ती म्हणाली, "तिच्या नखांना धरायला कायच नाय." बाबा सोफ्यावरून म्हणाले, "सवय होईल." सवय! पुढे ऐंशीच्या घरात असताना बाबा याच फरशीवर हॉलमध्ये घसरले आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. तेव्हा नरेशने दुसऱ्याच दिवशी घोडबंदर रोडच्या कुठल्याशा मॉलमधून रबरी मॅट आणली आणि हॉलभर पसरली. सवय होईल असं तेव्हा कुणी म्हणालं नाही.

आत्या फरशी घाण करते म्हणून बाबांनी तिला बाथरूममध्ये ठेवायला सांगितलं. तिथे दिवसभर ओल, वर फिनेलचा वास. थोड्याच दिवसांत तिच्या नाकातून पाणी यायला लागलं आणि श्वास घेताना शिट्टीसारखा बारीक आवाज यायला लागला. तेवढ्यात बाबांच्या ओळखीचे एक वास्तुवाले गुरुजी चहाला आले. त्यांनी घर पाहिलं, मार्बलची तारीफ केली आणि आत्याला बघून तर हातच जोडले. "अहो, जिवंत कासव म्हणजे साक्षात लक्ष्मी! पण कोरडं ठेवू नका. उत्तरेला, पाण्यात ठेवा. पाण्यातलं कासव घरात पैसा टिकवतं." झालं. बाबांनी लगेच हॉलच्या उत्तरेच्या कोपऱ्यात पितळी परात मांडायला लावली, त्यात पाणी, आणि पाण्यात आत्या. मी म्हटलं, "बाबा, हे पाण्यातलं कासव नाहीये. त्याला पोहता येत नाही. आपल्याकडे इतकी वर्षं ते मातीत राहिलं, ते काय उगाच?" गुरुजी माझ्याकडे बघून हसले. बाबा म्हणाले, "तुला जास्त कळतं की यांना?" आणि गंमत बघा, हे त्या बहिणीचे सख्खे भाऊ! आजोबांच्या अंगणात हिला मातीत निजलेली बघत जे मोठे झाले, त्यांना परक्या माणसाने येऊन कासव कुठे ठेवायचं ते सांगितलं, आणि यांनी ते ऐकलं. बाबा बाहेर गेल्यावर आईने आत्याला परातीतून काढलं, जुन्या लुगड्याने पुसलं आणि गॅलरीत उन्हाला धरून बसली.

"बाय," आई मला म्हणाली, "माती आन गो जराशी."

जराशी माती! आमची बिल्डिंग झाली तरी मागच्या बाजूला दुसऱ्या विंगचं खोदकाम चालू होतं. जिथे आमची लाकडाची खोप होती, बरोब्बर तिथेच मातीचा ढिगारा. मी घमेलं घेऊन गेले तर साईटवरचा सुपरवायझर आडवा आला. "मॅडम, इथून काही न्यायचं नाही. परमिशन लागेल." मी म्हटलं, "अरे, आमच्या घराची जागा आहे ही. इथे आमची चूल होती." तो बिचारा काही वाईट माणूस नव्हता. "होती ना मॅडम," तो म्हणाला, "आता नाहीये. तुमच्या पप्पांना सांगा शेठला फोन करायला." बाबांना सांगायची सोयच नव्हती. मी तिथेच उभी राहिले आणि इतकी भांडले, इतकी भांडले, की शेवटी कंटाळून त्याने हात हलवला. स्वतःच्या अंगणातली माती मी त्या दिवशी भीक मागून आणली. ते घमेलं डोक्यावर घेऊन जिने चढले, लिफ्टमध्ये माती सांडली तर पुन्हा बोलणी खायला नकोत म्हणून.

मग आम्ही दोघी मायलेकी कामाला लागलो. मार्बल ज्या लाकडी खोक्यांतून आला होता त्यांच्या फळ्या गच्चीवर पडून होत्या. त्यांचा आईने उथळ पेटारा केला, रंग नाही, पॉलिश नाही. माती चाळणीने चाळून घेतली, कारण तिच्यात खिळे, काचा, सिमेंटच्या गुठळ्या, काय काय होतं. नरेश म्हणाला, "त्यापेक्षा सुताराकडचा भुसा टाक ना, सोप्पं काम." भुशाची पूड नाकाडोळ्यांत जाते, आणि हिचं नाक आधीच वाहतंय, असं मी त्याला सांगितलं. गोणपाट आईला नको होतं, त्याचे धागे नखांत अडकतात म्हणून. नुसती रेतीही नको, ती खाताना पोटात जाते. शेवटी चाळलेली माती उन्हात खडखडीत वाळवली, थोडी रेती मिसळून भुसभुशीत केली आणि तिला आत शिरता येईल एवढी जाड घातली. एका कोपऱ्यात फुटकं मडकं आडवं ठेवलं, लपायला. मडक्यावरचं ते जुनं झाकण आईने येताना पातेल्यांत लपवून आणलं होतं, ते पाण्यासाठी रुतवलं. पेटारा गॅलरीत अशा जागी ठेवला की सकाळचं ऊन अर्ध्या भागावर येईल आणि अर्ध्यावर सावली राहील. आत्याला आत सोडलं. ती बराच वेळ हललीच नाही. मग पुढचा एक पाय मातीत रोवला, दुसरा रोवला, आणि उकरायला लागली. आई रडली. मीही रडले, कशाला खोटं बोलू? काही दिवसांत तिचा श्वास मोकळा झाला, आणि बाजारातून आणलेली माठाची पानंसुद्धा ती खायला लागली. आई भाकऱ्या झाल्या की पिठाचे हात तसेच घेऊन गॅलरीत यायची आणि तिच्याशी बोलत बसायची. त्या घरात आईला बोलायला तेवढीच एक जागा होती, हे मला तेव्हाही कळत होतं.

बाबांनी ते खपवून घेतलं, पण नाक मुरडून. "गॅलरी म्हणजे काय खळं आहे?" असं रोज एकदा तरी. आणि मग नरेशचं लग्न निघालं. मुलगी डोंबिवलीची, शिकलेली, वडील बँकेत. ती माणसं घर बघायला येणार म्हटल्यावर बाबांच्या अंगात वारं शिरलं. पडदे बदलले, झुंबराचे दिवे बदलले. ती मंडळी यायच्या आदल्या दिवशी मी कॉलेजातून आले तर गॅलरी धुऊन लख्ख. पेटारा नाही, मडकं नाही, माती नाही. हॉलमध्ये, उत्तरेच्या कोपऱ्यात, माशांच्या दुकानातून आणलेली काचेची पेटी. तळाला रंगीत खडे, लाल, पिवळे, निळे. वरून दिवा सोडलेला. आणि त्या खड्यांवर आत्या.

"माती कुठंय?" मी विचारलं.

"टाकली," बाबा म्हणाले. "पाहुण्यांना काय दाखवायचं, चिखल?"

"बाबा, ते खडे ती खाईल. तिला लाल रंग दिसला की ती तोंड घालते. तुम्हीच तर जास्वंद घालून सवय लावलीत!"

"जनावर आहे ते. दगड आणि फूल त्याला कळत नाही होय?"

आई आतून आली. आजवर मी आईला बाबांसमोर आवाज चढवताना पाहिलं नव्हतं. "तुमची भैन हाय ती," आई म्हणाली. "शोपीस नाय. माती परत आना."

आणि तेव्हा बाबांची आगरी बाहेर आली. "व्याही काय म्हनतील? यवरा मार्बल टाकला नि गॅलरीत मातीचा ढीग! लोकं मना येरा म्हनतील, डोकं फिरलेला म्हनतील!"

पाहुणे आले. काचेच्या पेटीपाशी उभे राहून "वा, किती सुंदर!" म्हणाले. मुलीच्या आईने तर नमस्कारही केला. लग्न ठरलं, पेढे वाटले गेले. बाबा म्हणाले, "बघितलंस? लक्ष्मी पावली." पेटी काही हलली नाही. आता मुलीकडची माणसं केव्हाही येतील म्हणून ती तिथेच राहिली. आई आणि मी लाल खडे वेचून काढायचो, तर नरेश दुकानातून आणखी आणायचा. "रिकामं रिकामं दिसतं गं," म्हणायचा.

आत्याने खाणं सोडलं. मग तिची शी बंद झाली. मी तिला पिशवीत घालून ठाण्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी एक्स-रे काढला आणि दिव्यासमोर धरला. तिच्या पोटात खडे दिसत होते, एकाला एक चिकटून. "हे कासव जमिनीवरचं आहे," ते शांतपणे म्हणाले, "ह्याला खड्यांवर ठेवायचं नसतं. आणि खरं म्हणजे ह्याला घरात ठेवायची परवानगीच नाही. वनखात्याकडे द्या. तिथे उपचार होतील, वाचलं तर वाचेल." मी घरी येऊन बाबांना ते जसंच्या तसं सांगितलं. वाचेल हा शब्द दोनदा म्हटला. बाबांनी त्यातला वनखातं एवढाच शब्द ऐकला. "लग्नाच्या घरात पोलीस आणतेस? पुन्हा तिला घराबाहेर काढायचं नाही." त्यांनी दाराला आतून कुलूप घातलं नाही एवढंच, पण आईला शपथ घातली, नरेशच्या लग्नाची. आई शपथ मोडणारी नव्हती, आत्याला माझ्या हाती देईना. मी ओरडले, आदळआपट केली, जेवण टाकलं. माझं कोण ऐकतंय? आई तिला कोमट पाण्यात धरून बसायची, पोटाखालून हात फिरवायची. एके दुपारी आईच्या मांडीवरच आत्याची मान बाहेर लोंबली आणि परत आत गेली नाही. आज घोडबंदरच्या माझ्या फ्लॅटमध्ये बसून हे लिहिताना माझं वय तेव्हाच्या बाबांपेक्षा जास्त आहे. वय झालं की माणूस क्षमा करतो म्हणतात. मला अजून तरी जमलेलं नाही.

"खाडीत सोडून या," बाबा म्हणाले. आई उठली. तिने आत्याला जुन्या लुगड्यात गुंडाळलं, पदराखाली घेतलं, आणि मला घेऊन खाली उतरली. तिला आत्याला मूठमाती द्यायची होती. आम्ही बिल्डिंगला पूर्ण वळसा घातला. पुढे पार्किंग, सिमेंटचं. बाजूने रस्ता, पेव्हर ब्लॉक घातलेला. मागे दुसऱ्या विंगचा कोबा नुकताच ओतलेला, अजून ओला होता. जिथे आमचं अख्खं अंगण होतं, तिथे एक कासव पुरायला जागा नव्हती. आई थांबली, सगळीकडे बघितलं आणि म्हणाली, "चल गो बाय वर." वर आल्यावर ती थेट गॅलरीत गेली. तिथे बाबांनी हौसेने मार्बलचं तुळशी वृंदावन करून घेतलं होतं. त्या अख्ख्या घरात माती म्हणून उरली होती ती तेवढीच. आईने तुळस मुळांसकट उपटली, हातांनी माती बाहेर काढली, तळाशी आत्याला ठेवलं, वर माती लोटली आणि तुळस पुन्हा लावली. तुळशीला दिवा लावल्याशिवाय पाणी न पिणारी माझी आई, पण तुळस उपटताना ती जरासुद्धा अडखळली नाही. मी फरशीवर सांडलेली माती पुसून घेतली.

बाबांनी आत्याचं काय केलं असं विचारलंच नाही. आंघोळ करून, ओलेत्याने, रोजच्यासारखे तुळशीला पाणी घालायचे, हात जोडायचे आणि आत जाऊन चहा मागायचे. एकदा म्हणाले, "तुळस अशी का मान टाकतेय?" आई भाकरी थापत होती, थापतच राहिली.

मग दिवाळी आली. नरेशचं लग्न तुळशीच्या लग्नानंतरचं ठरलेलं, घरात खरेदीच्या पिशव्या, फराळाचा वास, बाबा खुशीत. भाऊबीजेच्या सकाळी आईने निरांजन लावलं, ताट तयार केलं आणि पाट उचलून गॅलरीत नेला. तुळशीपुढे मांडला. वृंदावनाच्या पांढऱ्या मार्बलला कुंकवाचं बोट लावलं. माझ्या हातात ताट दिलं आणि बाबांना हाक मारली. नवं धोतर नेसून बाबा आले, पाट बघून हसले. "इथं कशाला मांडलास? हॉलमध्ये मांड की."

"बसा," आई म्हणाली. "तुमची भैन इथं हाय."

बाबा तुळशीकडे बघत राहिले. मग कुंकवाकडे. त्यांच्या चेहऱ्यावरून समजलं की त्यांना समजलंय. रोज सकाळी आपण कुणावर पाणी घालतोय, ते त्यांना त्या क्षणी कळलं. मला वाटलं, आता बसतील. मी अगदी मनापासून सांगते, मला वाटलं की हे आता बसतील, रडतील, आणि मी त्यांना ओवाळीन, आणि सगळं कसंबसं ठीक होईल. निरांजन वाऱ्याने फडफडत होतं, मी हाताने आडोसा धरला होता. समोरच्या बिल्डिंगमध्ये कुणीतरी गॅलरीत कपडे वाळत घालायला आलं. बाबांनी तिकडे पाहिलं.

"लोकं बघतात," ते हळूच म्हणाले, आणि आत गेले.

आईने बाजारातून आणलेली लाल जास्वंद स्वतःच्या हाताने तुळशीपाशी ठेवली. पाट मी उचलला. हॉलमधून बाबांनी मला हाक मारली, ओवाळायला. मी निरांजन तिथेच, तुळशीपुढे ठेवलं आणि आत गेले नाही.